वाटोळी गोळी आणि चामड्याची चकती
ठासणीच्या इंग्रजी रायफलीतून वाटोळी गोळी नेमकी जाई, याचे श्रेय गोळीपेक्षा तिच्याभोवतीच्या चकतीला अधिक. १८०० साली इंग्रज सैन्याने स्वीकारलेल्या बेकर रायफलीच्या नळीत आतून सात चर असत. तीस इंचांत त्यांचा पीळ जेमतेम पाव फेऱ्याचा. गोळी नळीहून किंचित लहान असे. चरबी लावलेली चामड्याची पातळ चकती मधली फट भरून काढी, चरांत रुतून बसे आणि गोळीला फिरकी देई. पीळ फार अधिक असता, तर दारूच्या जोराने गोळी चर सोडून सरळच निसटली असती.

मात्र अशी गोळी गजाने ठासण्यात वेळ जाई. साध्या बंदुकीचा शिपाई मिनिटाला तीन बार काढी, तेथे रायफलवाल्याचे दोनच होत. शत्रू अगदी अंगावर आला, की तोही चकती दस्त्यातल्या कप्प्यातच ठेवून कागदी काडतुसातली सैल गोळी ठाशी. नेमाची चैन तेव्हा परवडत नसे.