गाठीपाशी थांबणारे प्रोटॉन

क्ष-किरण कर्करोगाच्या गाठीपाशी थांबत नाहीत. पुढून शिरलेले किरण मागून बाहेर पडतात आणि वाटेतल्या निरोगी पेशींनाही इजा करतात. त्यामुळे शेक देताना डॉक्टरांचा हात आखडतो तो बहुतेकदा गाठीच्या शेजाऱ्यांसाठी. कवटीच्या तळाशी होणारी कॉर्डोमा नावाची गाठ आटोक्यात आणायला 70 ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) वर मात्रा लागते. तिला खेटून असलेला मेंदूचा देठ साधारण 54 ग्रे सोसतो.

ही अडचण प्रोटॉन कमी करतात. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक या संस्थेत 2023 पासून रुग्णांना प्रोटॉनचा शेक मिळू लागला. तिथलं सायक्लोट्रॉन 220 टनांचं आहे. हायड्रोजनपासून मिळवलेले प्रोटॉन ते प्रकाशाच्या 60 टक्के वेगापर्यंत पळवतं. वेगात असताना प्रोटॉन वाटेत फारशी ऊर्जा सोडत नाही. मंदावला की जास्त सोडतो, थांबता थांबता उरलेली सगळी ओततो आणि त्यापुढे जवळजवळ काहीच पोहोचत नाही. हे वैद्यकाच्या कामाचं आहे, असं रॉबर्ट विल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1946 मध्येच लिहिलं होतं. 1954 मध्ये बर्कलीत पहिल्या रुग्णावर उपचार झाले. आता चुंबकांनी वळवलेला बारीक झोत रांगोळीच्या ठिपक्यांसारखा थराथराने गाठ भरत जातो.

खरा फायदा मुलांचा. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात संपूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा शेकावा लागतो. क्ष-किरण कण्यातून पुढे हृदय, फुप्फुसं, आतडी यांच्यापर्यंत जातात. प्रोटॉन मणक्यांपाशी थांबतात. वाढत्या मुलाचे मणके मात्र मुद्दाम पूर्ण शेकतात, कारण अर्धवट शेकले तर पाठ वाकडी वाढू शकते. पुढे अख्खं आयुष्य पडलेल्या या मुलांना त्याच किरणांमुळे नवा कर्करोग होण्याची भीती असते, म्हणून वाचलेला प्रत्येक ग्रे मोलाचा.

पण प्रोटॉन नेमका कुठे थांबणार, याचा हिशेब सीटी स्कॅनवरून होतो आणि त्यात साडेतीन टक्क्यांची चूक धरावी लागते. 20 सेंटिमीटर खोलीवर ती 7 मिलिमीटर होते. म्हणूनच नाजूक अवयवाच्या अगदी कडेला झोत थांबवायचं नियोजनकार शक्यतो टाळतात. श्वासाबरोबर हलणाऱ्या फुप्फुसातल्या गाठीला तर आणखी जपावं लागतं.

अनेक रुग्णांचं काम आजच्या चांगल्या लिनॅकवर, म्हणजे क्ष-किरणांचा शेक देणाऱ्या यंत्रावर, उत्तम होतं. खारघरला उपचाराच्या खोल्या तीनच आहेत आणि मेड्युलोब्लास्टोमाच्या एका मुलाचा शेक सुमारे सहा आठवडे चालतो. या खोल्यांत पहिला नंबर मुलांचाच लागायला हवा.