पद्मिनी पन्नाशीत

मुंबईत हॉर्निमन सर्कलला हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची रांग लागते. लोक आधी रोल्स-रॉइसकडे जातात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. फियाटपाशी मात्र रेंगाळतात. तिथे फोटोंपेक्षा गप्पा जास्त. चोक किती ओढायचा, थंडीत हँडल कोण मारायचं, कसाऱ्याच्या घाटात रेडिएटरला पाणी कुठे पाजलं. रोल्स-रॉइसमध्ये बसून लहानाचा मोठा झालेला माणूस त्या गर्दीत सापडायचा नाही. फियाटच्या मागच्या सीटवर तिघा भावंडांत चेंगरून गावाला गेलेले मात्र पन्नास निघतील.

जुन्या गाड्यांच्या या छंदाची हकिगत नेहमी राजेरजवाड्यांपासून सांगितली जाते. मला वाटतं, तो तगवून धरला तो साध्या गाड्यांनी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या मिस्त्रींनी.

राजेरजवाड्यांचं दालन दिपवणारं आहे, यात शंका नाही. युरोपातले नामवंत बॉडी बांधणारे हिंदुस्थानी संस्थानिकांच्या लहरींवर पोसले गेले. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी 1934 मध्ये थ्रप अँड मेबर्लीने बांधलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉइस फँटम टू परदेशात फिरून 2010 मध्ये त्याच घराण्याकडे परतली. कोल्हापुरात तर मेबॅक संग्रहालयात नाही, दसऱ्याच्या शाही सोहळ्यात असते. आपट्याची पानं लुटायला आलेली पोरं तिला नावानिशी ओळखतात. पण 1971 मध्ये तनखे बंद झाले आणि त्याच्या आगेमागे अशा कितीतरी गाड्या कवडीमोलाने विकल्या गेल्या, बोटीत चढल्या. 1950 पूर्वीच्या विंटेज गाड्यांच्या निर्यातीवर सरकारने बंदी घातली तोवर चांगला माल निघून गेला होता. उरलं ते वाचवण्यात प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकांचा वाटा मोठा. अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांचा संग्रह आजही बघता येतो. मोटारमालकांची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन मुंबईत 1919 पासून आहे. जुन्या गाड्यांचे क्लब पुष्कळ नंतरचे.

क्लबांच्या भाषेत 1919 ते 1930 मधली गाडी विंटेज, आणि युद्धानंतरची साधारणपणे क्लासिक. ही काटेकोर विभागणी इंग्लंडमधून आली. आपल्याकडे आजोबांची कुठलीही गाडी ‘विंटेज’ असते, आणि त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

क्लासिकच्या रांगेत मुंबई-पुण्याकडे फियाटचं राज्य आहे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने जहाजं, विमानं आणि मोटारी अशा तिन्ही कारखान्यांची स्वप्नं पाहिली. त्यातली मोटारीची प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी 1944 ची. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या करारावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी सूत जमलं आणि 1954 पासून ‘मिलेचेंतो’ म्हणजे अकराशे आली. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, नाक पुढे आलेलं. मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. आज तीच डुक्कर फियाट संग्राहकांची लाडकी आहे. 1964 मध्ये अकराशे डिलाइट आली. कराराची मुदत सरल्यावर 1972 च्या सुमारास तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि 1974 मध्ये पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं आणि किंमत सरकारने ठरवायची, असा तो काळ. पर्याय दोनच, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर किंवा मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड.

या टंचाईचा आजच्या छंदिष्टांना मात्र फायदाच झाला. गाडी बदलता येत नव्हती, म्हणून दुरुस्त करत राहावं लागलं. तीसचाळीस वर्षं तेच मॉडेल रस्त्यावर राहिल्याने गल्लोगल्ली त्याचे जाणकार तयार झाले आणि पार्टचे साठे साचले. आज ब्रिटनमधले मॉरिस ऑक्सफर्डवाले अँबॅसॅडरचे पार्ट भारतातून मागवतात, कारण मूळ गाडी तिकडे कधीच बंद झाली आणि तिचा हा अवतार उत्तरपाड्यात 2014 पर्यंत निघत होता.

क्लबाचा सभासद जुनी गाडी ‘उभी’ करतो म्हणजे काय करतो? पहिले काही महिने फक्त उकलतो. सीट, बीडिंग, काचा, दारं, इंजिन सगळं काढलं की खाली पत्रा दिसतो, आणि तिथेच बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो. मुंबईच्या दमट हवेत फियाटचा फ्लोअर, दारांचा खालचा काठ आणि चाकांवरचे पत्रे हमखास सडलेले असतात. वरून मागच्या मालकांनी थरांवर थर लांबी भरून ठेवलेली असते. चुंबक लावला तर चिकटत नाही. आळशी माणूस त्यावरच पुन्हा रंग मारतो. शहाणा माणूस सडका पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा हातोडी आणि डॉलीने घडवणारा डेंटर शोधतो. असा डेंटर आता मिळणं कठीण, कारण नव्या गाडीचा पत्रा ठोकत नाहीत, अख्खा पॅनल बदलतात. मिस्त्रींची मुलं या धंद्यात येत नाहीत. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

इंजिनाचं काम त्या मानाने सोपं. ब्लॉक बोअर करायचा, पिस्टन-रिंग बदलायच्या, क्रँक ग्राइंड करून घ्यायचा. मशीनशॉपवाल्याला हे रोजचंच. पार्टसाठी मुंबईत ऑपेरा हाउसची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. न मिळालेला बुश टर्नर लेथवर करून देतो. खरा जीव खातात त्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: मागच्या दिव्याची काच, दाराचं मूळ हँडल, बॉनेटवरची अक्षरं. क्लबात जाण्याचं खरं कारण हेच. एकाकडे काचा दोन असतात आणि दुसऱ्याकडे हँडल. पैशांपेक्षा अदलाबदलीवर व्यवहार होतात. कोणाकडे काय आहे याच्या याद्या क्लबांनी नीट छापून ठेवल्या, तर त्या रॅलीच्या चषकांपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

आता माझी एक तक्रार. आपल्याकडे गाडी सुधारताना ती मुळात होती त्याहून चकचकीत करायची खोड आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा साधा रंग होता, आज तिला आरशासारखा पॉलियुरेथेन रंग. जिथे क्रोम नव्हतंच तिथेही क्रोम. जुन्या गाड्यांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाने आपल्या ट्युरिन सनदेत जपणूक आणि पुनर्निर्माण यांत स्पष्ट फरक केला आहे. शक्य तेवढं मूळ राखावं आणि बदललेलं ओळखू यावं, असा तिचा रोख. घराण्यात पहिल्यापासून असलेली, सीटचं रेक्झिन थोडं फाटलेली, मूळ रंगाची पद्मिनी मला नव्याने मढवलेल्या दहा गाड्यांपेक्षा मोलाची वाटते. परीक्षक मात्र अजूनही चमकेला भुलतात.

मूळपणाचा हा प्रश्न आता कायद्याच्या दारातही आला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात राखलेलं, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेलं वाहन विंटेज म्हणून नोंदवता येईल. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला काढायची. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

याचा अर्थ, 1974 ची पहिली पद्मिनी नुकतीच या उंबरठ्यावर आली आहे. गंमत अशी की, तिच्या टॅक्सी बहिणी त्याच सुमारास रस्त्यावरून गेल्या. ताडदेव आरटीओत 2003 मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी वीस वर्षांच्या मर्यादेत बसेनाशी झाली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर बाद ठरली. टॅक्सींना पुढे सीएनजीची टाकी बसली, छतावर कॅरिअर आले, आतून प्लास्टिकची फुलं लागली. काटेकोर नियमाने त्या मूळ नाहीत. पण मुंबईच्या इतिहासात त्यांच्याइतकी खरी गाडी दुसरी कोणती?

आणि आता नवं संकट पेट्रोलमधून आलं आहे. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांना ते लाभाचं आहे, आणि जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कित्येकांच्या घरचा ऊसही त्याच कारखान्यांत जातो. पण इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, हवेतला ओलावा शोषतं, आणि महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटतो, कार्ब्युरेटर तुंबतो. जाणते सभासद नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घेतात आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असली तर टाकी रिकामी करून ठेवतात. तेव्हा पुढच्या रॅलीत एखाद्या पद्मिनीच्या बॉनेटखाली मूळ नळ्या दिसल्या नाहीत, तर परीक्षकांनी तिचे गुण कापू नयेत.