काकडी वाकडी का होते?

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की परसात आणि गच्चीवरच्या कुंड्यांत काकडी लावायला चांगले दिवस येतात. साधारण दीड महिन्यात पहिलं फळ हाती येतं. अडचण एवढीच, की हे दिवस किडींनाही मानवतात. दोडक्या-कारल्याचे पावसाळी वेल संपत आलेले असतात आणि त्यांच्यावर पोसलेल्या किडींना नवा, कोवळा वेल हवाच असतो.

रोप दोन पानांचं असतानाच नारिंगी-लाल भुंगेरे येतात आणि पानांची चाळण करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचा डबा खाली धरून पान हलवलं की बरेचसे आत पडतात. मावा पानामागे बसतो. त्याचा रसशोषणाचा त्रास सोसवतो, पण तो मोझॅकचा विषाणूही पसरवतो. पानं पिवळट-हिरवी चट्टेरी होऊन आकसली, तर तो वेल उपटून टाका. विषाणूवर औषध नाही.

मात्र काकडीचा खरा वैरी फळमाशी. तांबूस-पिवळी, पंखांवर गडद पट्टे असलेली ही माशी कोवळ्या काकडीच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. फळ बारकाईने पाहिलं तर टाचणी टोचल्यासारखी खूण आणि तिच्यावर डिंकाचा थेंब दिसतो. पुढे फळ तिथेच वाकतं, पिवळं पडतं, सडतं. प्रत्येक वाकडी काकडी माशीची नसते, हेही खरं. परागीभवन अर्धवट झालं तरी फळ वाकडं किंवा एका टोकाला बारीक राहतं. पण त्यावर टोचा नसतो आणि कापल्यावर आत अळी दिसत नाही. अशा वेळी दोष मधमाश्या न येण्याचा असतो, आणि तिथे फवारणी केली तर उरलेल्या मधमाश्याही जातात.

अळ्या फळात सुरक्षित असतात, बाहेरून मारलेलं औषध त्यांना गाठत नाही. पुढे त्या मातीत उतरून दोन-तीन बोटं खोलवर कोष करतात आणि तिथूनच नवी माशी निघते. म्हणून किडकं फळ वेलाखाली पडू देऊ नये, कंपोस्टमध्ये तर मुळीच टाकू नये. जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावं. जमीन असेल तर दीड-दोन फूट खोल पुरावं. वेलाखालची माती अधूनमधून हलकी उकरली की कोष उघडे पडतात, मुंग्या-पाखरं त्यांचं बघून घेतात.

सापळा घेताना दुकानात नीट विचारा. आंब्याच्या फळमाशीसाठी सापळ्यात मिथिल युजेनॉल हे आमिष वापरतात, काकडीच्या माशीला क्यू-ल्यूर हे आमिष लागतं. नेमकी इथेच गल्लत होते आणि मग ‘सापळे काही कामाचे नाहीत’ असं लोक म्हणतात. शिवाय क्यू-ल्यूरला फक्त नर भुलतात. बाहेरून अंडी घालायला येणारी मादी सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. चार-सहा वेल असतील तर फूल कोमेजल्याबरोबर कोवळ्या फळावर कागदी पिशवी चढवणं हाच माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय.

मावा, पांढरी माशी वाढलीच तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो. पन्नास ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिमूटभर साबणचुरा घाला. फवारणी संध्याकाळीच करा. निंबोळीचा गुण उन्हात लवकर उतरतो आणि काकडीची फुलं सकाळी उमलत असल्याने मधमाश्याही त्याच वेळी फिरतात. भुरी या पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी म्हणून गंधक मात्र ऑक्टोबरच्या उन्हात मारू नका. काकडीवर्गीय वेलांची पानं त्याने करपतात.

काकडी कोवळी असतानाच, एक दिवसाआड तोडा. आणि शेजारच्या गच्चीवर दोडका किंवा कारलं असेल तर त्यांनाही किडकी फळं उचलायला सांगा. माशी कुंपण मानत नाही.