स्वच्छ पाण्यातले उपाशी प्रवाळ

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाळणारे हौशी लोक फॉस्फेटला फार भितात. माशांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून ते साचते, काचेवर हिरवा थर धरतो, प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा नीट वाढत नाही. भीती खरी आहे. म्हणून फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणारे लोह ऑक्साइडचे दाणे घालतात. पाणी नितळ होते. पण दाणे जास्त झाले, तर प्रवाळ आधी फिकट आणि मग पांढरेफटक पडू लागतात.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. उजेडात साखर तयार करून ते प्रवाळाची ऊर्जेची बहुतेक गरज भागवते. या शैवालाला शेतातल्या पिकासारखेच नत्र आणि स्फुरद दोन्ही लागतात. दाण्यांनी स्फुरद उचलले आणि नायट्रेट तसेच राहिले, की घात होतो. नत्राच्या जोरावर शैवाल वाढत राहते, पण पेशींच्या आवरणांसाठी स्फुरद मिळत नाही. मग ते गंधकयुक्त मेदांवर भागवते. अशा शैवालाला प्रखर उजेड आणि उष्णता सोसत नाही. प्रवाळाचे शैवाल जाते, त्याबरोबर जेवणही.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये हे दाखवून दिले. २०१७ मधील त्यांच्या प्रयोगात नत्र-स्फुरद दोन्ही भरपूर असलेल्या टाकीतले प्रवाळ तगले. नत्र भरपूर पण स्फुरद नगण्य, तिथले पांढरे पडले. डॉक्टरांना यात नवल वाटू नये. दीर्घ उपासानंतर रुग्णाला एकदम भरपेट खाऊ घातले, तर त्याच्या रक्तातले फॉस्फेट जिवावर बेतण्याइतके घसरू शकते.

तेव्हा टाकीत नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मोजावेत आणि शून्याचा हट्ट सोडावा. दाणे घालायचेच तर थोडे थोडे.

समुद्रात हेच गणित सांडपाण्याने आणि खतांनी बिघडते. फ्लोरिडातील लू की या प्रवाळभित्तीवर १९८४ मध्ये सुमारे ३३ टक्के भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता; २००८ मध्ये तो ६ टक्क्यांहूनही कमी उरला. तीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर स्फुरदाच्या मानाने नत्राचे प्रमाण वाढत गेलेले दिसले. नुसत्या तापलेल्या समुद्रावर खापर फोडता येत नाही, असे ते संशोधक म्हणतात. त्या बेटांवर आता घरोघरचे शोषखड्डे बंद करून सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या गेल्या आहेत.