काहील : एका देशी शब्दाचे कूळ

उसाचा रस आटवून गूळ करण्यासाठी चुलवाणावर जे प्रचंड, पसरट भांडे चढवतात ते म्हणजे काहील. रसात सुमारे 80 टक्के पाणीच असते. ते लवकर वाफ होऊन जावे म्हणून भांडे उथळ आणि तोंडाशी रुंद लागते. पाक 118 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला, की गुळव्या काहील उतरवायला सांगतो.

हा शब्द आला कोठून? भांड्याचा आकार पाहून संस्कृत 'कटाह' आठवतो. मला मात्र ही व्युत्पत्ती पटत नाही. दोन स्वरांमधल्या 'ट'चा प्राकृतात 'ड' होतो आणि मराठीत तो टिकतो : घट–घडा, वट–वड. 'कटाह'पासून आली ती कढई. तिच्यात मूर्धन्य वर्ण शाबूत आहे. काहिलीत त्याचा मागमूस नाही.

संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही असे शब्द हेमचंद्राने 12 व्या शतकात 'देशीनाममाले'त गोळा केले. त्यांत 'काहल्ली' आहे. त्याचा एक अर्थ तव्यासारखे भांडे. माझ्या मते आपली काहील हिचीच लेक. पुरावा शेवटच्या 'ल'मध्ये आहे. प्राकृतातला एकेरी 'ल' मराठीत सहसा 'ळ' होतो (फल–फळ), जोडाक्षरातला 'ल्ल' मात्र 'ल'च राहतो (गल्ल–गाल). अंत्य 'ई' गळताना आधीच्या स्वराला आपली छटा देऊन जाते, हे वल्ली–वेल या जोडीत दिसतेच.

मग 'उन्हाने अंगाची काहिली झाली' यातली काहिली कोणती? मला ती हीच वाटते. आपण 'अंगाची लाही लाही झाली' असेही म्हणतो. तिथे अंग भांड्यात फुटणारा दाणा होते, इथे ते तापलेले भांडेच होते. दोन्ही प्रयोग चुलीपाशी जन्मलेले दिसतात.

साखर कारखान्यात रस आटवायला आता इव्हॅपोरेटर आहेत; गुऱ्हाळे कमी झाली, तशी काहीलही दिसेनाशी होते आहे. कोशात तिची नोंद करताना 'कटाहाचा अपभ्रंश' एवढेच लिहिले, तर ती कुणाची तरी बिघडलेली प्रत ठरते. तिच्यापुढे 'देशी' ही दोन अक्षरे पडली पाहिजेत.