काडतुसें भरण्याचें माप व त्यावरील आंकडा

शस्त्रसंग्रहांत जुन्या बंदुकीस मानाची जागा मिळते. तिच्याबरोबर आलेलीं काडतुसें भरण्याचीं लहानसहान हत्यारें मात्र बहुधा निराळ्या पेटींत पडतात, नाहीं तर भंगारांत जातात. हीं हत्यारें म्हणजे एक प्रकारचे लेखच होत, व ते वाचतांना काय चूक होऊं शकते, हें येथें दाखविण्याचा आमचा उद्देश आहे.

काडतूस हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. पूर्वीं दारू व गोळी बंदुकीच्या तोंडांतून ठासावी लागे. लफोशे या फ्रेंच कारागिराच्या पद्धतीची, मागून भरावयाची बंदूक १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत मांडली गेली व पुढें इंग्लंडांत तिचा प्रसार झाला. बुडाच्या मध्यभागीं टोपी असलेलीं काडतुसें त्यानंतरचीं. तीं जाड कागदाचीं व पितळी बुडाचीं असत. बार झाल्यावर रिकामें काडतूस न टाकतां शिकारी तें घरींच पुन्हां भरीत. जळलेली टोपी काढून नवी दाबून बसवावयाची. मापानें दारू ओतावयाची. तीवर पुठ्ठ्याची व बुरणुसाची चकती लांकडी दट्ट्यानें बसवावयाची. मग छरे व त्यांवर पातळ चकती. आणि शेवटीं हातानें फिरवावयाच्या यंत्रांत कागदाची कड आंत वळवून तोंड बंद करावयाचें, असा क्रम असे. शेफील्डच्या जेम्स डिक्सन आणि सन्स या कारखान्याचा शिक्का अशा हत्यारांवर आढळतो.

यांतील माप विशेष महत्त्वाचें. तें पितळेचें, मागेंपुढें सरकणारें असून त्यावर २½, २¾, ३ अशा रेघा असतात. हे आंकडे ड्रॅमचे होत. परंतु ड्रॅम दोन आहेत. औषधविक्यांचा ड्रॅम ६० ग्रेनांचा. दारूचा ड्रॅम औंसाचा सोळावा भाग, म्हणजे सुमारें २७⅓ ग्रेनांचा. पहिला धरल्यास ३ ड्रॅम म्हणजे १८० ग्रेन होतात. खरें वजन ८२ ग्रेन.

एवढ्यानेंही काम भागत नाहीं. माप दारूचें वजन करीत नाहीं, ती किती जागा व्यापते तेवढेंच दाखवितें. आणि त्यावरील आंकडा काळ्या दारूसाठीं कोरलेला आहे. प्रशियाच्या तोफखान्यांतील अधिकारी शुल्ट्झ यानें १८६० नंतरच्या दशकांत लांकडापासून बिनधुराची दारू काढली. जुनीं मापें निरुपयोगी होऊं नयेत म्हणून या जातीची दारू हलकी व फोफशी ठेवीत. ३ च्या रेघेपर्यंत ती भरली असतां वजन ४२ ग्रेन होई व बार पूर्वींइतकाच बसे. परंतु नोबेलनें १८८७ सालीं काढलेल्या बॅलिस्टाइटसारखी घट्ट दारू थोड्या जागेंत पुष्कळ मावते. ती त्याच रेघेपर्यंत भरणें म्हणजे बंदूक फोडून घेणें होय. रेघ एकच, आंकडा एकच. परंतु पदार्थ बदलतांच अर्थ बदलला.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस याचा थेट उपयोग आहे. शिकारीच्या जुन्या नोंदवहींत दारूपुढें ‘३’ असेल तर तो ड्रॅमचा आंकडा, आणि ‘४२’ असेल तर तो ग्रेनांचा, असें समजण्यास बळकट आधार आहे. दुसऱ्या प्रकारची नोंद बिनधुराच्या दारूची, अर्थात् शुल्ट्झच्या शोधानंतरचीच असणार. ‘३’ या आंकड्यावरून मात्र काल ठरवूं नये. नवी दारू आल्यावरही जुना आंकडा सवयीनें चालूच राहिला.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, माप व बंदूक यांची ताटातूट करूं नये. घासूनपुसून शिक्के झिजवूं नयेत. दारूच्या भांड्यांत अवशेष असल्यास जाणकाराकडून तो काढवावा. आणि असें माप हातीं आहे म्हणून कोणीही त्यानें काडतूस भरूं नये. संदर्भ सुटलेला आंकडा कागदावर संशोधकास फसवितो. येथें तो हात घेऊन जातो.