खालचा बर्थ कुणाचा?

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियात जाऊन आलेल्या बायका आता आपल्या गावागावांत भेटतात. पाच-सहा महिने राहून आलेल्या असतात. काय काय पाहिलं म्हणून विचारा, तर सिडनीचा पूल, मेलबर्नची ट्राम, एखादं कांगारू, आणि बाकी सगळी दुपटी, डिंकाचे लाडू आणि बाळाची अंघोळ! त्या देशाच्या मधोमध पसरलेला लाल मातीचा ओसाड मुलूख, ज्याला तिकडे ‘आउटबॅक’ म्हणतात, तो मात्र राहूनच जातो. खरं तर तो रेल्वेने आरामात पाहता येतो. फक्त मुलांकडे स्वतःसाठी चार दिवस मागावे लागतात. नेमकं तेच आपल्याला जमत नाही.

२०२३ च्या जुलैत मी आणि माझ्या विहीणबाई अशा दोघी निघालो. नात पाच महिन्यांची झाली होती, लेक कामावर रुजू व्हायला अजून अवकाश होता. विहीणबाई निवृत्त शिक्षिका, त्यांची पेन्शन. माझी एक पॉलिसी पिकली होती. निम्मा खर्च मुलांनी उचलला, निम्मा आम्ही.

गाडीचं नाव ‘द गॅन’. ॲडलेड ते डार्विन, म्हणजे देशाच्या दक्षिण टोकाकडून थेट उत्तर टोकाला, २,९७९ किलोमीटर. आपला मुंबई-दिल्ली प्रवास दोनदा केला तरी इतकं अंतर होत नाही. १९२९ मध्ये ही गाडी ॲलिस स्प्रिंग्सपर्यंत सुरू झाली, आणि डार्विनपर्यंत पोचायला २००४ साल उजाडलं. नावामागची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. रेल्वे येण्याआधी या वाळवंटात सामान वाहायचे ते उंटवाले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले कितीतरी जण तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातून, पेशावर, पंजाब, बलुचिस्तानकडून आलेले होते. त्या ‘अफगाण’चंच पुढे ‘गॅन’ झालं. गाडीच्या चिन्हावर आजही उंट आहे.

आता मुद्द्याचं, तिकिटाचं. आपल्याकडे स्लीपर म्हटलं की बहात्तर बर्थचा डबा डोळ्यांसमोर येतो. तसलं स्वस्त काही इथे नाही. बसून जायचा ‘रेड’ वर्ग होता, तो २०१६ मध्ये बंद झाला. आम्ही पाहत होतो तेव्हा मुख्य वर्ग दोन, ‘गोल्ड’ आणि ‘प्लॅटिनम’. एका माणसाचं भाडं भारतातून जाण्या-येण्याच्या विमानापेक्षाही जास्त होऊ शकतं. मात्र त्यात जेवणखाण आणि वाटेतल्या नेहमीच्या सहली धरलेल्या असतात. भाडं महिन्यागणिक बदलतं, म्हणून दोन-तीन तारखांचं ताडून पाहावं.

गोल्डमध्ये दोघांची केबिन असते. दिवसा सोफा, रात्री एकावर एक दोन बर्थ, आणि आतच छोटंसं न्हाणीघर. जावयांनी तीच पसंत केली. म्हणाले, “आई, बाथरूम आतच आहे, छान सोय होईल तुमची.” विहीणबाई गप्प, मीही गप्प. वरच्या बर्थला शिडी, आणि वर चढणार कोण? रीतीप्रमाणे मुलीच्या आईने. वरमाईला शिडीवर चढवून आपण खाली झोपायचं, हे आपल्या मनाला पटतं का? पण माझा डावा गुडघा जिन्याच्या चार पायऱ्यांनाच कुरकुरतो.

रात्री भांडी आवरताना मी सरळ सांगून टाकलं, “विहीणबाई, मला वर चढवणार नाही हो.” त्या हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही बोललात. मला रात्री दोनदा उठावं लागतं. हे मुलासमोर कसं सांगायचं, म्हणून मी गप्प होते.” पाच महिने एका घरात राहून दोघींनी एकमेकींचं हे दुखणं ऐकलं नव्हतं! बाळाला दिवसातून किती वेळा शी झाली, ते मात्र दोघींना तोंडपाठ.

मग आम्ही पुन्हा पर्याय मांडले. प्लॅटिनममध्ये खोली मोठी, पलंग खालीच, शेजारी शेजारी, न्हाणीघरही आत. ऐपत असेल तर जोडप्याला किंवा दोघी बायकांना त्यासारखं सुख नाही. आम्हाला ते परवडणारं नव्हतं. गोल्डमध्येच एकट्या माणसासाठी लहान केबिन असते. दिवसा बसायची जागा, रात्री तिथेच खाली बिछाना. पण न्हाणीघर डब्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. विहीणबाई म्हणाल्या, “दहा पावलं चालेन मी, शिडी नको.” झालं! दोघींना एकेक केबिन, दोघींना खालचा बर्थ. मान कुणाचाच गेला नाही.

सहली निवडतानाही हाच न्याय लावावा. गाडी थांबते त्या गावी काय काय पाहता येतं याची यादी आधी मिळते, आणि ती बदलत असते. वाचताना ‘किती चालायचं, पायऱ्या किती’ हे आधी पाहा, फोटो नंतर. कॅथरिनला निटमिलुक घळीत बोटीची सफर असते. जावॉइन लोकांची ही भूमी. नदीच्या दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे उंच कडे. पण काही सफरींत एका घळीतून दुसरीत जाताना खडकाळ वाट तुडवावी लागते. आम्ही कमी चालायची सफर घेतली, आणि कडे काही कमी उंच दिसले नाहीत!

सगळ्यांचा गैरसमज होतो तो उलुरूबद्दल. तो प्रसिद्ध लाल पहाड गाडीतून दिसत नाही. ॲलिस स्प्रिंग्सपासून तो रस्त्याने साडेचारशे किलोमीटरवर आहे. तिथे जायचं तर ॲलिसला उतरून वेगळे दिवस आणि वेगळा खर्च, नाहीतर जादा पैसे भरून छोट्या विमानातून. विहीणबाई म्हणाल्या, “पेन्शन कशाला जपून ठेवलीय? मी जाते.” आणि एकट्या विमानात बसल्या. तो पहाड तिथल्या आनंगू लोकांचं पवित्र स्थान आहे. २०१९ च्या ऑक्टोबरपासून त्यावर चढायला बंदी आहे. “वरून पाहिला, पाय न लावता. बरं वाटलं,” एवढंच त्या म्हणाल्या.

मी गावातली सहल घेतली. तिथे ‘स्कूल ऑफ द एअर’ पाहिली. दूरदूरच्या गुराढोरांच्या वाड्यांवर राहणाऱ्या मुलांसाठी १९५१ मध्ये रेडिओवरून सुरू झालेली ही शाळा आता इंटरनेटवरून चालते. शिक्षक शेकडो किलोमीटरवर, आणि मुलाच्या शेजारी बसून अभ्यास करून घेणारी बहुतेक वेळा आईच. घरचं, गुरांचं सगळं सांभाळून. जगात कुठेही जा, बाईचा दिवस तेवढाच लांब.

शेवटी काही बारीकसारीक गोष्टी. जून ते ऑगस्ट तिकडे थंडी असते. वाळवंटात पहाटे चांगलंच कुडकुडायला होतं. मार्ला नावाच्या आडवाटेच्या थांब्यावर पहाटे शेकोटीपाशी उभं राहायचं, तर स्वेटर आणि कानटोपी हवीच. मोठ्या बॅगा सामानाच्या डब्यात जातात, म्हणून रोजची औषधं आणि दोन दिवसांचे कपडे लहान पिशवीत ठेवा. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच कळवा. फोनला रेंज फारशी नसते, तेव्हा घरी तसं सांगून ठेवा.

मुलं तिकीट काढायला बसली की त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, मैत्रिणींनो. शिडी चढवते का, रात्री किती वेळा उठावं लागतं, किती चालवतं, आणि काय पाहायची मनापासून इच्छा आहे, ही चार उत्तरं मोठ्याने द्या. मुलं प्रेमापोटी आपल्यासाठी चांगलंच निवडतात. पण आपला गुडघा त्यांना दिसत नाही, तो आपणच सांगायचा.